फुलोऱ्याआधीची कापणी

माझ्या धाकट्या भावाला सगळी वसाहत गवत्या म्हणायची. तोंडावर साहेब, पाठ फिरली की गवत्या. मी मात्र तोंडावरच म्हणायचे. थोरल्या बहिणीला एवढा अधिकार असतोच, आणि मी मुळात तोंडाची फटकळ.

कुरण संशोधन केंद्रात त्याची नोकरी. गुरांना चरायला कोणतं गवत चांगलं, कोणतं कोरड्या दिवसांत तग धरतं आणि कोणतं नुसतंच दिसायला हिरवंगार, हे शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं. स्वतः चावूनही बघायचा मेला. जेवायला बसला की खिशातून गवताच्या काड्या काढून ताटाशेजारी ठेवायचा आणि घासागणिक त्यांच्याकडे बघायचा. आमची भावजय म्हणायची, "वन्सं, मी आज काय रांधलंय ते यांना उद्या विचारा, सांगता यायचं नाही."

त्याच्या कामाची तऱ्हाच अशी. गवताचे वेगवेगळे वाण शेजारी शेजारी ओळींनी लावायचे, चांगले वाढले की गाई आत सोडायच्या, आणि त्या कुठल्या ओळीला आधी तोंड लावतात ते बघत बांधावर बसून राहायचं. मी एकदा म्हटलं, "अरे, एवढा शिकलास, आणि शेवटी गाईलाच विचारायचं?"

"ताई, खाणार ती. मग विचारायचं कुणाला?"

हात टेकले मी.

या सगळ्या ओळींत एक ओळ त्याची लाडकी. नंबर एकोणीस. दिसायला अगदी बेताचं, गुडघ्याएवढंही नाही वाढायचं. पण गाई आत शिरल्या की उंच उंच गवतं ओलांडून थेट तिथं जायच्या आणि जमिनीलगत खाऊन टाकायच्या. पुन्हा फुटायचं. तुडवलं तरी फुटायचं, उन्हानं बाकीचं कुरण करपलं तरी हे बुडाशी हिरवं. खोड एकच होती. बी सगळं एकदम पिकत नसे, आणि पिकलं की लगेच गळून जाई. म्हणून तुऱ्यांना पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्या लागत, म्हणजे गळलेलं बी पिशवीतच राही. त्या पिशव्या आमची भावजय शिवायची. घरातला एकही जुना पडदा तिनं फुकट जाऊ दिला नाही. मशीनवर बसली की गाणं गुणगुणायची, आणि मी भाजी चिरता चिरता तिच्या बेसूरपणाची थट्टा करायची. घरात आम्ही तिघंच. पण घर भरलेलं वाटायचं.

घर वसाहतीच्या अगदी टोकाला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर एकोणीस नंबरचा वाफा.

आता गवतात राहायचं म्हणजे फुलोऱ्याचे दिवस आलेच. वाऱ्यावर ती पिवळी भुकटी उडायला लागली की सगळी वसाहत शिंकायची, खोकायची. कुणाला दम लागला तर कुणी मान वर करून बघत नसे. "फुलोरा आहे," म्हणायचं, वाफ घ्यायची आणि कामाला लागायचं. दवाखान्यातले डॉक्टरही तेच म्हणायचे, ते तरी कुठून वेगळे आले होते? त्यांचं घरही गवतातच.

त्या वर्षी लांबच्या वाफ्यांना फुलोरा आला होता आणि खिडकीसमोरचं गवत तुऱ्यावर यायच्या बेतात असताना भावजयीला दम लागायला लागला. पाण्याची कळशी ओट्यावर ठेवली की थांबायची. मशीनवर चार पिशव्या झाल्या की हात मांडीवर ठेवून बसायची. गवत्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावल्यासारखी केली आणि म्हणाले, "फुलोरा बाधतोय. यांना तरी इथून हलवा, नाहीतर खिडकीसमोरचं ते गवत तरी हलवा."

ती हलायला तयार नव्हती. "मी गेले तर हा माणूस खरंच गवत खाऊन राहील," म्हणाली, आणि हसता हसता धाप लागून खाली बसली.

आणि वर्ष कुठलं, तर नेमकं तेच! त्या हंगामाचं बी दुसऱ्या केंद्रांकडे जाणार होतं, वेगवेगळ्या मातीत लावून बघायला. सगळीकडे टिकलं तर एकोणीस नंबर निवडला जाणार, कुरणाकुरणात पेरला जाणार. बी पोचलं नाही तर वाण बाद. वरच्या साहेबांच्या मनात दुसरंच एक उंच गवत भरलं होतं, त्यांना निमित्तच हवं होतं. हे सगळं त्यानंच मला सांगितलं होतं, आणि तेव्हा त्याच्या तोंडावर असा आनंद होता की मीही थट्टा केली नाही.

एका सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीतून बघते तर काय, हा बाबा वाफ्यात वाकलेला. हातात विळा. एकही मजूर नाही बरोबर. तुरे नुकते बाहेर डोकावत होते, आणि हा एका कडेनं सगळं बुडापासून कापत चाललेला. मी तशीच अनवाणी धावत गेले.

"अरे, वेड लागलं का तुला?"

"ताई, मध्ये पडू नकोस," एवढंच म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.

माझ्या मागोमाग भावजय आली. तिच्या हातात नुकत्या शिवलेल्या पिशव्यांचा गठ्ठा होता. कापलेल्या गवताकडे बघत राहिली. "अहो, हे काय केलंत?"

"तू श्वास घे गं," तो म्हणाला. "गवत काय, परत येतं."

ती पिशव्या छातीशी धरून घरात गेली आणि त्या नीट घडी करून मशीनच्या खणात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "आज अगदी हलकं वाटतंय." माझा जीव भांड्यात पडला. गवत्याचं तर काय विचारता! केंद्रात बोलणी खाऊन आला होता, पण दारातूनच हसत आला. तेव्हापासून रोज संध्याकाळी चपला काढायच्या आधी तिला विचारायचा, "बरं वाटतंय ना?"

"हो तर!" ती म्हणायची. रोज. न चुकता.

आम्ही किती खूश होतो! कामं मी करते म्हटलं तर ती मुकाट्यानं करू द्यायची, मला वाटलं शहाणी झाली. घरातसुद्धा पायांत मोजे घालून वावरायला लागली, मला वाटलं गारठा सोसत नसेल. झोपायला उशीवर उशी रचायची. विचारलं तर म्हणायची, "वन्सं, पडल्या पडल्या खिडकीबाहेर बघायला बरं पडतं." खिडकीबाहेर होतं काय? कापलेली खुंटं.

एका दुपारी ती ओट्याशी कोसळली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिचे मोजे काढले. पाय सुजून टम्म झाले होते, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. हृदयाची झडप बिघडली होती, पाणी फुफ्फुसापर्यंत चढलं होतं. फुलोऱ्याचा काडीइतका संबंध नव्हता. "आधी आणलं असतं तर खूप काही करता आलं असतं," बाई म्हणाल्या. "इतके दिवस यांना त्रास होत नव्हता का?"

गवत्या म्हणाला, "नाही हो. बरं वाटत होतं तिला. मी रोज विचारायचो."

तेव्हा खाटेवरून ती बोलली. शब्दाशब्दाला दम घेत होती. "एवढं सोन्यासारखं गवत कापलंत माझ्यासाठी. मग तरीही दम लागतोय, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

तो तिचा हात धरून नुसता उभा राहिला. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले, अगदी हमसून हमसून.

ती परत घरी आली नाही.

केंद्रात एकोणीस नंबर बाद झाला, उंच गवताची निवड झाली. गवत्या भांडलाही नाही. कामाला जायचा, यायचा, चपला काढायचा. काड्या आणणं बंद झालं. मी रांधेन ते खाली मान घालून जेवायचा, आणि बाई गं, तेच मला बघवत नसे.

गवत मात्र परत आलं. त्यानं म्हटलं होतं तसंच, मुळापासून फुटून. बाद झालेल्या वाफ्याकडे कोण बघतंय? कुणी पाणी दिलं नाही, कुणी गाई सोडल्या नाहीत. पुढच्या हंगामात तुऱ्यावर आलं, आणि असं भरून आलं की खिडकीच्या गजांवर पिवळी भुकटी बसायला लागली.

सुट्टीच्या दिवशी तो वाफ्यात जाऊन बसला. जेवायला हाक मारली तर ओ नाही. मी गेले बघायला. ओंजळभर तुरे ओढून त्यानं तोंड आत खुपसलं होतं आणि मोठमोठे श्वास घेत होता. तोंड वर केलं तेव्हा नाक, गाल, मिशा सगळं पिवळं झालेलं. लहानपणी हळदीशी खेळून यायचा तसा दिसत होता.

"बघ ताई, मला काही होतंय का? शिंकसुद्धा नाही आली. या गवतानं काहीच केलं नव्हतं गं."

"चल, जेवून घे."

"आयुष्यभर गाईंना विचारत आलो मी. नुसतं सोडून द्यायचं आणि बघत बसायचं. तुला हे आवडतं ना, असं कधी गाईला म्हटलं नाही." तो तुऱ्यांवरून हात फिरवत होता. "हिला मात्र रोज विचारायचो, बरं वाटतंय ना? कसं वाटतंय, असं एकदाही विचारलं नाही."

मी त्याच्या शेजारी बसले आणि पदरानं त्याचं तोंड पुसत राहिले. ताटं झाकून ठेवली होती, ती तशीच राहिली.