डोक्यावर पाय असलेल्या माश्या

हिंगणघाटच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. प्रयोगशाळेत मी फळमाश्या पाळल्या होत्या. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्याच, तिळाएवढ्या. बाटलीत मक्याचं पीठ आणि गुळाची लापशी, वर कापसाचं बूच, एवढ्यावर त्या मजेत जगतात. नागपूरच्या एका मैत्रिणीने मला त्यांचा एक वेगळा वाण दिला होता. त्यांच्या डोक्यावर मिशांच्या जागी चक्क पाय उगवायचे.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सेलूकडची एक मुलगी होती. आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायचे. पहिल्यांदा तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडलीच, "मॅडम, हिच्या डोक्यावर पाय काऊन आले?"

"पाय कुठे करायचा हे सांगणारं एक प्रथिन असतं," मी म्हटलं. "ते छातीच्या भागातच तयार व्हायला हवं. हिच्या जनुकात बिघाड झाला आणि ते डोक्यातही बनायला लागलं. तिथल्या पेशींनी हुकूम मुकाट्याने पाळला."

"म्हणजे आपण कुठं आहो, हे पेशीले कळत नाई?"

इतका नेमका प्रश्न इतक्या वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. तोच तिचा प्रकल्प झाला. या माश्यांचा साध्या माश्यांशी संकर करायचा आणि पुढच्या पिढीत किती जणींच्या डोक्यावर पाय येतात, पूर्ण की अर्धे, ते पाहायचं. पहिल्या एसटीने येऊन ती रोज अळ्या, कोष, माश्या मोजायची. सुट्टीतसुद्धा.

मग तपासणी समिती यायची ठरली. परीक्षेच्या कामासाठी मी एक दिवस वर्ध्याला गेले आणि परतले तर प्रयोगशाळेत फिनाईलचा भपकारा. सगळ्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

शिपाई खाली मान घालून म्हणाला, "साहेबांनी सांगतलं मॅडम. माश्या दिसल्या तं कमेटी काय म्हणन? मी उकळतं पाणी ओतून राह्यलो होतो तवा पोरगी आली. लय रडली."

मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत शिरले.

"माश्याच ना हो मॅडम? पुन्हा पकडा."

"सर, या बाजारातल्या केळ्यांवर मिळत नाहीत. एका मुलीचं वर्षाचं काम होतं ते."

"मग फोटो लावून टाका. रंगीत."

फोटो त्यांनीच लावला. समितीला तो दाखवत म्हणाले, "आमचे विद्यार्थी फळमाश्यांवर संशोधन करतात."

"करत होते," मी म्हटलं. "परवा सरांनी उकळतं पाणी ओतायला लावून त्या मारल्या."

समितीतले एक गृहस्थ घड्याळाकडे बघून म्हणाले, "चहा घेऊन टाकू या का?" आणि सगळे उठले.

मला नोटीस आली. मी चार पानी उत्तर लिहिलं. मैत्रिणीने नव्या माश्या पाठवल्या, पण पिढ्या वाढवायला वेळच उरला नव्हता. बाहेरच्या परीक्षकाने मुलीच्या प्रबंधावर शेरा मारला: काम अर्धवट.

ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. "मी अर्धवट नाई सोडलं, मॅडम. तुम्ही तसं लिवून द्या."

मी लिहून दिलं, काय झालं ते सगळं. प्राचार्यांनी सही करायला नकार दिला. माझ्या एकटीच्या सहीचा तो कागद घेऊन ती गेली.

आता ती सिंदी मेघेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. संशोधनाचं विचारलं की विषय बदलते. मला कुणी विचारलं तर मी बदलत नाही.