मडगार्ड कापण्याची अट

रुंद टायर बसावेत म्हणून पडेगावचे डेंटर निजामुद्दीनचाचा गाडीचं मडगार्ड कापून देतात, पण त्यांची एक अट असते. "आधी वडलांना मागं बसव. गाडी किती दबती ते बघून कापतो." निम्मी पोरं तिथूनच पळ काढतात. चाचांनाही चांगला पत्रा कापायचं लई जिवावर येतं.

हिमांशूनं मात्र सर्व्हिसिंगची थाप मारून वडलांना आणलं. श्रीनिवासराव मागं बसले, उतरले आणि वाकून नवे रुंद टायर न्याहाळू लागले. हिमांशूचा चेहरा पडला.

"निजाम, दोन बोटं जास्तच काप," श्रीनिवासराव म्हणाले. "माझ्या जीपला कमी कापलं होतंस. सासरे मागं बसले आणि टायर घासून धूर निघाला. तुझी ही अट तेव्हापासूनचीच ना?"