समुद्राकडचं टोक

सत्तरच्या दशकात कोथरूडला शेतं संपून सोसायट्या उगवत होत्या, तेव्हा आम्ही दर रविवारी एका पडीक जमिनीवर क्रिकेट खेळायचो. मी संघात होतो, कारण दुसरा अकरावा मिळत नव्हता. पंच म्हणून शेजारच्या इमारतीतले दळवीकाका उभे राहत. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. गोलंदाजाला ते गंभीरपणे विचारत, "समुद्राकडून टाकणार, की गावाकडून?"

आता कोथरूडला समुद्र कुठला? सगळ्यांत जवळचा म्हटला तरी घाट उतरून एसटीने दिवस घालवावा लागे. पहिल्यांदा मी विनोद समजून विचारलं, "काका, भरती कधी आहे?" काका म्हणाले, "आपली फलंदाजी पाहता ओहोटीच म्हणायची."

काका मूळचे कराचीचे. तिथे मराठी वस्ती होती, मंडळं होती, आणि बंदराच्या अंगाला एक मैदान होतं. फाळणीत ते बोटीने मुंबईला उतरले आणि नोकरी मिळाली म्हणून पुण्यात आले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. जवळ उरलं होतं ते मैदान. "गवत कसलं हो, नुसता मुरूम. त्यावर खेळपट्टी म्हणून काथ्याची चटई खिळे ठोकून ताणायची. दुपारी वारा सुटला की सीमारेषेवरच्या माणसाच्या ओठांवर मीठ यायचं." पारशी, हिंदू, मुसलमान, सगळ्यांचे संघ तिथे आळीपाळीने खेळत आणि हरलेल्यांनी चहा पाजायचा. धक्क्यावरचे कोळी भिंतीवर बसून दोन्ही बाजूंना सारख्याच शिव्या देत. निःपक्षपाती प्रेक्षक आपण तेवढेच पाहिले, असं काका म्हणत.

ते मैदान पाहिलेला दुसरा माणूस मात्र पुण्यात त्यांना भेटला नव्हता. एकदा सहज बोलून गेले, "एकाने तरी 'हो, असंच होतं' म्हणावं हो. नाहीतर मलाच वाटायला लागतं, मी थापा मारतोय."

झालं. परोपकाराची हुक्की आली की मी कुणाला आवरत नाही. माझ्या ऑफिसातल्या शेखचे मामा, हमीदसाहेब, लग्नासाठी कराचीहून भवानी पेठेत आले होते. मी कसलीही चौकशी न करता भेट ठरवून टाकली. काका माझ्या स्कूटरवर मागे बसून वाटभर प्रश्न घोकत होते.

हमीदसाहेबांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मैदानाचं नाव ऐकून होते, तिकडे कधी फिरकले नव्हते. ते मूळचे पुण्याचे, फाळणीत तिकडे गेलेले. काकांचे प्रश्न संपायच्या आत त्यांनीच खणखणीत मराठीत विचारलं, "कात्रजच्या वाटेवर चिंचेखाली एक विहीर होती. आम्ही सगळे तिथेच पोहायला शिकलो. आहे का हो अजून? भाच्याला विचारलं, तर म्हणतो कसली विहीर. गुडघे हे असे, आणि उद्या पहाटे गाडी."

काकांना माहीत नव्हतं. तीस वर्षं एकमेकांच्या गावात काढून काहीच न पाहिलेली ती दोन माणसं एकमेकांकडे बघत बसली. चहावर साय धरली. मी छताचा पंखा अभ्यासत होतो. निघताना काका म्हणाले, "मी जाऊन पाहतो. आपण माझं पाहा."

पुढच्या रविवारी काका सामना सोडून मला घेऊन कात्रजच्या रस्त्याला गेले. विचारत विचारत जागा सापडली. विहीर बुजवून वर टायरचं दुकान झालं होतं. चिंचेचा बुंधासुद्धा शिल्लक नव्हता. काकांनी दुकानाभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "शेखना सांगा, मामांना कळवा. विहीर आहे. पाणी स्वच्छ आहे. मुलं उड्या मारतात."

काही महिन्यांनी शेखकडे मामांचा निरोप आला. मैदान जसंच्या तसं आहे, काथ्याची चटईसुद्धा तीच, आणि भिंतीवरून समुद्र दिसतो. मी पेढे घेऊन धावतच काकांचा जिना चढलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. पेढा हातातच राहिला.

"चटईसुद्धा तीच, असं म्हणाले?"

"हो काका, तीच."

"फार सभ्य माणूस," काका म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

मी खूश होऊन खाली आलो. स्कूटरला किक मारताना कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर पाहिलं, तर काका अजून खिडकीत उभे होते. परत जिना चढायचं धाडस मला झालं नाही.