प्रत्येकाचा पांढरा वेगळा

सोलापुरातल्या चादर कारखानदारांच्या घरची थोरली सून असून मी एकदा यात्रेच्या बाजारातून 'अस्सल सोलापुरी' चादर विकत आणली होती. वर पुन्हा घासाघीस करून! कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं होतं ना, त्यामुळे सगळी बाजारपेठ आपल्या पदराच्या गाठीत आहे असं मला तेव्हा वाटायचं. घरी येऊन ती चादर ऐटीत राजय्याच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिराच्या, अंगावर टाकली. त्यानं काठ चिमटीत धरून पाहिला. "वदिना, ही कुणाच्या मागावरची?" आमच्या तेलुगू घरात वहिनीला वदिना म्हणतात. मी म्हटलं, "आपल्याच गावची. लिहिलंय की तिच्यावर!" तो मुद्दाम तीच पांघरून झोपला आणि सकाळी घामानं गुलाबी झालेलं बनियन घालून कारखान्यात गेला. कुणी विचारलं की सांगायचा, "आमच्या वदिनांनी स्वस्तात रंग आणलाय." पुढे कितीतरी दिवस मी कारखान्याकडे फिरकले नाही.

तो राजय्या गेल्या महिन्यात गेला. कारखान्यातच, खुर्चीत बसल्या बसल्या... जेवणाच्या सुट्टीला माग थांबले तरी तो उठला नाही, तेव्हा कामगारांना कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, वैतागानं गेला.

आपल्या चादरीचं नाव लावून कुठलाही माल कुठेही विकतात, आणि घेणारे माझ्यासारखे शहाणे असतात. हे कळल्यावर त्यानं टॉवेल विणायला घेतले. ते इतके मऊ निघाले की एका मोठ्या हॉटेलवाल्यांचा माणूस नमुने बघून खूश झाला. पण त्याला माल हवा होता ट्रक भरभरून, आणि सगळा एकसारखा पांढरा. तेवढा माल एका कारखान्यातून निघणं शक्य नव्हतं. आमच्या आळीतल्या सगळ्या कारखानदारांनी मिळून विणलं असतं, तर प्रत्येकाचा पांढरा वेगळा... कुणाचा दुधासारखा, कुणाचा ताकासारखा, शेजारच्या अंबादासचा तर कावीळ झालेल्या डोळ्यासारखा. त्यावर राजय्यानं तोड काढली. सगळ्यांनी मिळून कापड धुण्या-रंगवण्याचा एकच चांगला कारखाना काढायचा, म्हणजे माग कुणाचाही असो, पांढरा एकच.

हे सांगायला तो घरोघर फिरला. सोबत मी. हा अंबादास राजय्याचा बालमित्र. तो म्हणाला, "राजय्या, इचार लई चांगला हाय. पण माल एका हौदात पडला की माझं गिऱ्हाईक तुला कळणार की!"

"अरे, गिऱ्हाईक राहिलं तर कळंल ना!"

मी मध्येच सहकाराचे फायदे सांगायला लागले. पाचवीच्या वर्गाला शिकवावं तसे! अंबादासच्या बायकोनं निमूटपणे चिवड्याची दुसरी बशी माझ्यापुढे सरकवली. त्या आठवड्यात आम्ही चिवडा भरपूर खाल्ला आणि होकार एकही मिळवला नाही. हॉटेलवाल्यानं काही महिने वाट पाहिली, मग माल परराज्यातून घेतला. राजय्या त्यानंतरही सणासुदीला प्रत्येकाला विचारायचा. हसून विचारायचा, पण घरी आला की जेवायचा नाही.

आता कारखाना त्याची मुलगी सुजाता बघते. पुण्यातला त्याचा मुलगा म्हणतो, माग भंगारात घालू. हॉटेलवाल्यांनी सुजाताकडे पुन्हा विचारणा केलीय. या खेपेलाही नाही म्हणावं लागलं, तर नुसत्या चादरींवर कारखाना चालणार नाही, आणि मुलाचं म्हणणं खरं होईल.

शोकसभेला सगळी आळी आली. जो उठला तो म्हणाला, राजय्या दूरदृष्टीचा माणूस... माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उठले आणि म्हटलं, "दूरदृष्टी पुरे झाली, जवळचं बघा. कारखान्यामागची शेड माझ्या नावावर आहे. ती मी सगळ्यांच्या मिळून रंगवायच्या कारखान्याला देते. कोण येतंय बोला."

सुजाता एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. सभा संपली, लोक चपला शोधू लागले. तेवढ्यात अंबादास माझ्याजवळ आला, डोळे पुसले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच म्हणाला, "वदिना, लई मोठं मन हाय तुमचं. सगळ्यांत आधी मी येतो बघा... पण एवढं सांगा, दारावर पाटी कुणाच्या नावाची लागणार?"