कुटून पाहिलेला निळा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही अंगणात भात उफणत होतो. फोन तन्वीचा होता, आक्कांच्या विद्यार्थिनीचा. "मावशी, मॅडम..." एवढंच म्हणाली. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, डॉ. सुजाता. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट धुंडाळली: डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रचनेवर प्रकाश पडला की त्याचं काय होतं. त्या सकाळी प्रयोगशाळेतच, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं. आमचं शेवटचं बोलणं आदल्या रविवारी झालं होतं, तेही वांग्यात मीठ जास्त पडल्यावरून. सहा आठवडे झाले. भेटायला येणारे चेहरे पाडून बसतात, आणि मला मात्र आक्का आठवल्या की आधी हसू येतं... मग बाकीचं.

लग्न होऊन मी कोळवणच्या या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. माझ्या माहेरून आलेला कोरा खलबत्ता घेऊन आक्का ओट्यावर बसल्या होत्या. बांधावर सापडलेल्या मोरपिसाचा डोळा त्यांनी कात्रीनं कापला, खलात टाकला आणि कुटायला लागल्या. मला वाटलं, उतारा-बितारा असणार. घाबरत विचारलं, "आक्का, औषध आहे का हे?" "नाही गं शोभा. तू बघ फक्त." खूप वेळ कुटल्यावर त्यांनी खल माझ्यापुढे धरला. आत मशेरीसारखी काळपट पूड. निळा नाही, हिरवा नाही, काही नाही. माझे सासरे, आबा, शेजारीच बसले होते. त्यांनी वाकून पाहिलं. "रंग कुटं गेला गं?"

"रंग नव्हताच आबा. मांडणी हुती, ती मोडली." आबांशी त्या गावचंच बोलत. पिसात म्हणे इतक्या बारीक कांड्या असतात की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. आपण भाताची रोपं ओळीनं लावतो तशा त्या उभ्या असतात. ऊन आत शिरतं, कांड्यांवर आपटून परत फिरतं, आणि ओळींमधलं अंतर जसं असेल तसा रंग आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी मोर आपल्याला फसवतोय." "व्हय. आन त्यो कसा फसवतोय त्ये हुडकायचाच मला पगार हाय." जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून, लेकीला एसटीनं पौडच्या शाळेत धाडणारा तो माणूस त्या दिवशी पोट धरून हसला. मी मात्र महिनाभर त्या खलबत्त्यात लसूण कुटला नाही.

आक्कांना असाच रंग हातानं घडवायचा होता, पण मोरपिसासारखा हलवला की बदलणारा नको होता. कुठूनही पाहा, तोच निळा दिसला पाहिजे, आणि त्यात रंगद्रव्याचा थेंब नको. रंगद्रव्य उन्हानं उडतं, मांडणी उडत नाही, असं त्यांचं म्हणणं. काचेच्या अतिसूक्ष्म गोळ्या रचून त्यांनी आणि तन्वीनं एक पापुद्रा तयार केला. तो निळा मी पाहिलाय, नजर हटत नसे. शोधनिबंध छापून आला, गावात फ्लेक्स लागला, समाजमंदिरात सत्काराची तारीख ठरली.

सत्काराच्या आदल्या शनिवारी आक्का घरी आल्या. पिशवीतून एक काचेची कुपी काढून माझ्या हातात दिली. आत पूड होती, निळी. मला काही कळेना. "शोभा, मी तो तुकडा काल कुटला. रंग मांडणीचा असता तर काचेची नुसती पांढरी पूड झाली असती. कुठल्या तरी बाटलीत आधीचं रंगद्रव्य राहिलं होतं. चुकलंय सगळं."

"मग आधीच का नाही कुटलात?"

"सुंदर होता गं. मोडायला हात धजला नाही."

मी म्हटलं, सत्कार पुढे ढकला, सांगा बरं नाही म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. गळ्यात हार पडल्यावर माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ज्याच्यासाठी ह्यो हार घातला त्ये काम चुकीचं निघालंय. निबंध मी माघारी घेतीय." मागून एकानं विचारलं, "चूक कुणाची म्हनायची?" "माझी." त्या हार काढू लागल्या तेव्हा पुढे बसलेली हौसाआजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं त्यो. लावणी चुकली तर आमी पुन्हा लावतूच की." हसण्याची लाट उठली आणि जेवणाच्या पंगती बसल्या. संस्थेत मात्र पुढची दोन वर्षं सोपी गेली नाहीत. काहींनी बोलणं टाकलं, संशोधनाच्या निधीचे अर्ज नाकारले गेले. रविवारी आक्का आल्या की गोठा झाडत बसायच्या.

मग एका दुपारी त्या तन्वीला घेऊन मोटारीतून उतरल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात. तळहातावर निळी चकती. "शोभा, काढ तुझा खलबत्ता. या वेळी तू कुट." मी कुटू लागले, दोघी खलावर वाकून बघत राहिल्या. निळा फिका होत गेला आणि शेवटी खलात तांदळाच्या पिठीसारखी पांढरीशुभ्र पूड उरली. साठीला टेकलेल्या आक्कांनी माझे हात धरले आणि आम्ही तिघींनी तिथंच फुगडी घातली.

आक्कांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आटोपून सगळे गेल्यावर तन्वी चुलीजवळ माझ्याशेजारी बसली. "मावशी, ती बाटली माझी होती. नीट धुतली नव्हती मी. चूक सापडली त्या दिवसापासूनच मॅडमना हे माहीत होतं." इतक्या वर्षांत आक्कांनी हे मलाही सांगितलं नव्हतं... आणि मी काही कमी खोदून विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी आक्कांनी गोठ्याच्या भिंतीवर त्या निळ्याचा एक तुकडा चिकटवला. प्रयोगशाळेतला दिवा म्हणजे ऊन नव्हे, मुळशीचा पाऊस सोसला तर खरा, म्हणायच्या. दर रविवारी तो ओल्या फडक्यानं पुसून डावीकडून, उजवीकडून, खाली बसून बघायच्या. आता रविवारी दहाला तन्वीचा फोन येतो आणि मी फडकं घेऊन भिंतीपाशी जाते.

"मावशी, डावीकडून?"

"निळा."

"उजवीकडून?"

"निळाच. पण रेडकानं एक कोपरा चाटलाय."

"बापरे. खाली बसून कसा दिसतोय?"

मी गुडघे धरून बसले, मान तिरकी करून पाहिलं. "चाटलेला कोपरासुद्धा निळा आहे. पण पुढच्या रविवारी तूच ये बाई. बसायला जमतं मला, उठवायला कुणीतरी लागतं."