तिसऱ्याला जागा नसलेली गाडी

चहा जरा निवू द्या. हे ऐकताना हसलात तर अंगावर सांडायचा आणि माझ्या नावावर आणखी एक पराक्रम जमा व्हायचा. आहेत तेवढे पुष्कळ आहेत. त्यातला सगळ्यात मोठा, चार चाकांचा आणि लाल रंगाचा, तो आज सांगून टाकतो.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बायको निर्मला, सगळे निमाच म्हणायचे, साक्रीकडच्या एका खेड्यातली. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्यात आई, आबा, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची पोरं आणि आम्ही. माणसं प्रेमळ हो सगळी. इतकी प्रेमळ, की आम्हा दोघांना घटकाभर एकटं सोडायची नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्याकडे स्कूटर होती ना? होती की. पण ती बाहेर काढली, की पुढे एक पुतण्या उभा राहायचा, मागे पुतणी बसायची आणि निमा स्टेपनीला धरून कशीबशी टेकायची. एकदा आम्ही दोघं चोरून सिनेमाला गेलो. मध्यंतरात दिवे लागले, तर शेजारच्या खुर्चीवरून आबांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. त्यांच्या पलीकडे आई बसलेली. तेही चोरूनच आले होते म्हणा, पण घरी परत येताना आम्ही चौघं होतो.

एका संध्याकाळी गच्चीवरून कुरडया गोळा करताना निमा हळूच म्हणाली, "एकदा तरी आपण दोघंच जाऊ या कुठंतरी. मधे कोणी नको. मग कुठंही चालेल मला."

वर्षभरात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. साडी नाही, बांगडी नाही. मला फार लागलं ते. त्या रात्री मी ठरवलं, की हिला एकदा तरी दोघांचाच प्रवास घडवायचा, मग काय वाट्टेल ते होवो.

आणि काय वाट्टेल ते झालंच.

कचेरीच्या कामानं मी जळगावला गेलो होतो. तिथं कळलं, की एक म्हातारे डॉक्टर त्यांची जुनी परदेशी गाडी विकतायत. बघायला गेलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. लालभडक, बुटकी, छत मागं दुमडणारी, शर्यतीच्या गाडीसारखं लांब नाक. दारं दोन. आणि सीटसुद्धा दोनच! मागं काही नाही. मागं एकदम बंपर.

गाडी इतकी पळालेली, की किलोमीटरचे आकडे एकदा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले होते. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. पत्रा कुठं गंजलाय, छत कुठं फाटलंय, सगळं बोट ठेवून दाखवलं. ते आणि त्यांची बायको तिच्यातून फार हिंडले होते. आता बाई राहिल्या नव्हत्या, म्हणून माझी स्कूटर आणि वर थोडे पैसे एवढ्यात ते गाडी द्यायला तयार होते.

माझं लक्ष इंजिनाकडे नव्हतंच. मी सीटांच्या मधे हात घालून बघत होतो. शेवटी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तिसरं कोणी बसेल का हो हिच्यात?"

त्यांना वाटलं, मी काळजीनं विचारतोय. बिचारे ओशाळून म्हणाले, "नाही हो. मांजरसुद्धा नाही मावायचं."

"मग पक्की," मी म्हणालो.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मूलबाळ?"

"अजून नाही."

"मग लवकर वापरून घ्या," असं म्हणून ते हसले आणि किल्ली माझ्या हातात दिली. हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

एरंडोल, पारोळा करत मी धुळ्याला आलो तेव्हा अख्खी गल्ली ओट्यावर. आईनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मागं जाऊन वाकून पाहिलं आणि विचारलं, "आन् बाकीनी कोठे शे?"

बाकीची नाहीच, गाडी एवढीच, हे तिला पटेना. अर्धी गाडी गळ्यात मारली पोराच्या, असंच ती पुढे कैक दिवस सांगत होती.

पण मान हा मान असतो. पहिली फेरी मोठ्यांची. आईला सोनगीरला नेलं, तिनं तिथून पितळेचा हंडा घेतला आणि येताना तो मांडीवर घेऊन बसली. मग आबा. आबांना गाडीत फिरायचं नव्हतं, गाडीत बसून चहाच्या टपरीसमोर थांबायचं होतं. मग भाऊ, वहिनी, पोरं एकेक करून, मग गल्ली. निमाचा नंबर काही येईना. ती रोज सकाळी फडक्यानं गाडी पुसायची आणि आत जायची. एकदा पुसता पुसता म्हणाली, हिचा क्लच जड असेल नाही? मी म्हटलं, तुला काय करायचंय क्लचशी? आणि हसलो. हेही लक्षात ठेवा.

मी गप्प होतो, कारण माझ्या डोक्यात आखाजी होती.

तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगतो. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाणार म्हणजे जाणारच. तिथं झोके बांधलेले असतात, मैत्रिणी आलेल्या असतात, आमरस असतो. यंदा मी स्वतः निमाला लाल गाडीतून माहेरी सोडणार होतो. धुळ्यापासून साक्रीपर्यंतचा सगळा रस्ता, आणि आम्ही दोघंच. तिला हे सांगितलं. त्या दिवशी माझ्या डब्यातल्या पोळ्यांना दुप्पट तूप होतं.

सगळा बेत झाला. रजा काढली, टायरात हवा भरली. आणि खानदेशात जन्मून, तिथंच वाढून, मी एक माणूस साफ विसरलो. मुऱ्हाळी!

माहेरून न्यायला कोणीतरी यावं लागतं ना? त्याला मुऱ्हाळी म्हणतात. लेक काही आपली आपण जात नसते. आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी दारात नाना उभे. नाना म्हणजे निमाचे थोरले काका. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, हातात आंब्यांची पिशवी. पहिल्या एस.टी.नं आले होते, पुतणीला न्यायला. गेल्या वर्षी तेच आले होते. ते येणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून.

चहापाणी झालं. नानांनी लाल गाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की काय सांगू. जावयानं आपल्यासाठी गाडी काढली, असाच त्यांचा समज झाला. त्यांनी गाडीच्या दाराबाहेर चपला काढल्या, अनवाणी आत शिरले आणि देवळात बसावं तसे हात मांडीवर ठेवून बसले.

आता करा हिशेब. सीट दोन. नाना, निमा आणि मी.

आबांनी सुचवलं, की नानांनी आणि मी गाडीनं जावं, निमा एस.टी.नं येईल. नाना म्हणाले, "मुऱ्हाळी पोरले सोडीसन एकला गया ते गाव काय म्हनी?" मग मी चाचरत म्हणालो, की नाना, तुम्ही एस.टी.नं आलात तर? आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते वाक्य परत गिळलं.

"पण नाना, गाडी चालवणार कोण?" मी विचारलं. एवढा एकच हुकमाचा पत्ता उरला होता माझ्याकडे.

नाना सहज म्हणाले, "निमा चालाई ना. आम्हनं ट्रॅक्टर तीच चालाडे. तुम्ही यष्टीमा या मांगतून."

मी निमाकडे पाहिलं. ती पदराचं टोक बघत होती. वर्षभर एका घरात राहिलो, आणि माझी बायको ट्रॅक्टर चालवते हे मला त्या दिवशी कळलं.

मी सामान उचलायला आत गेलो, तर ती पाठोपाठ आली. "नानांना नाही म्हणू का मी?" तिनं हळू विचारलं. डोळे भरले होते.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. नाना तसेच बसले होते, हात मांडीवर, उगाच कुठं धक्का लागेल म्हणून अंग चोरून. "नको," मी म्हटलं. "जा तू. मी येतो मागून."

निमानं गाडी सुरू केली. पहिल्याच झटक्यात! माझ्या हातून ती कधी तिसऱ्या झटक्याआधी सुरू झाली नव्हती. वळणावर गाडी दिसेनाशी झाली आणि ओट्याखाली मला नानांच्या चपला दिसल्या.

तर एस.टी.तलं चित्र डोळ्यांपुढे आणा. वैशाखाचं ऊन, आखाजीची गर्दी, मी दांडीला लटकलेला. काखेत आईनं दिलेला कुरडयांचा डबा, कारण लाल गाडीत डबा मावत नव्हता. आणि हातात म्हाताऱ्याच्या चपला.

कुसुंब्याच्या पुढे मागून हॉर्न वाजला. सगळी बस उजव्या खिडक्यांकडे झुकली. वाटेत कुठंतरी चहाला थांबलेली लाल गाडी आमच्या शेजारून निघाली होती. नाना टोपी धरून बसलेले, आणि निमा... तिचा पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, आणि ती हसत होती. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता, झोक्यावरच्या पोरी हसतात तशी. आमच्या घरात मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. त्या गाडीपायी जे काय गेलं ते त्या क्षणी वसूल झालं.

शेजारच्या पागोटेवाल्या बाबांनी विचारलं, कोण हो ती बाई?

"माझी बायको," मी छाती काढून सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. "मंग तुम्ही आठे काय करी ऱ्हायनात?"

मी कुरडया सांभाळत राहिलो.

पण मी हरलो नव्हतो. परतीच्या वाटेला मुऱ्हाळी नसतो! तिकडून न्यायला नवऱ्यानंच जायचं. पण गाडी घरी नेली तर न्यायला येताना शेजारी घरचं कोणीतरी बसणारच, म्हणून ती सासऱ्यांच्या खळ्यात निंबाखाली ठेवून मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं धुळ्याला आलो. पंधरवड्यानं निमाला आणायला जायचं आणि दोघांनीच यायचं, असा पक्का बेत.

गेलो. जेवण झालं, निमाचं सामान आलं, सगळा गोतावळा निरोप द्यायला खळ्यात जमला. मी ऐटीत दार उघडलं, आणि ड्रायव्हरच्या सीटवरून माझ्या हातावर टोच बसली.

कोंबडी! फाटक्या छतातून आत शिरून सीटवर अंड्यांवर बसली होती.

मी तिला हुसकवायला हात उगारला तशा सासूबाई पुढे झाल्या. त्या माझ्याशी एरवी पदराआडून बोलत. "अंडासवरतीन कोंबडीले उठाडतस का कोनी, जवाईबापू? पाप लागस." झालं. जावई असलो तरी कोंबडीपुढे माझा नंबर दुसरा होता.

आम्ही एस.टी.नं निघालो. साक्रीला बस रिकामी मिळाली. दोघांच्या बाकावर निमा खिडकीशी, मी शेजारी. मी मान खाली घालून बसलो होतो. थोड्या वेळानं विचारलं, की ट्रॅक्टरचं मला कधी सांगितलं का नाहीस?

"सांगायला तुम्ही एकटे कधी सापडलात?" ती म्हणाली. "आणि मी गाडी कुठं मागितली होती? दोघंच जाऊ म्हटलं होतं. बसलोय की."

मी इकडेतिकडे पाहिलं. खरंच की. आई नाही, आबा नाहीत, शेंगदाण्याची पुडी नाही. दोन तिकिटांत जे मिळत होतं, त्याच्यासाठी मी चांगली चालती स्कूटर देऊन बसलो होतो.

नेरपर्यंत बस भरली, तिथं टोपली घेऊन एक म्हातारी चढली आणि म्हणाली, जरा सरका. आम्ही सरकलो. खरं सांगू? ती बसली म्हणूनच आम्ही आणखी जवळ आलो. धुळं येऊ नये असं वाटत होतं.

पुढे पिलं निघाली, मोठी झाली, गाडी मोकळी झाल्याचा सासऱ्यांचा निरोप आला. पण तोवर निमाला आंबट खावंसं वाटायला लागलं होतं आणि आईनं तिचा सगळा प्रवास बंद केला होता. पुढच्या आखाजीला नाना मुऱ्हाळी म्हणून आले तेव्हा तिच्या मांडीवर आमची लेक होती. नानांनी मला आधीच सांगून टाकलं, की आता तुमची गाडी काही उपयोगाची नाही, आपण सगळे यष्टीनंच जाऊ.

मग लवकर वापरून घ्या, असं ते जळगावचे डॉक्टर म्हणाले होते ना? मी वर्षभर समजत होतो, की ते इंजिनाबद्दल बोलतायत.