कबर नसलेल्या माणसाची माफी

ओबेदकाका आष्टमकर भडकले की मरोळचा तो अख्खा गाळा चिडीचूप व्हायचा. लिफ्टच्या ब्रेकला लागणाऱ्या स्प्रिंगा बनवायचा कारखाना, आणि काका तिथले तपासनीस. त्यांचा शिक्का पडल्याशिवाय एक खोकं दाराबाहेर जात नसे. "वर माणसं लटकलेली असतात रे बाबांनो," एवढंच म्हणायचे आणि माल परत पाठवायचे. शनिवारी मात्र मालकाच्या बापाने बोलावलं तरी यायचे नाहीत. अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. पूर्वज शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवायचे, हे शनिवारी स्प्रिंगा. पॅकिंगची वसुधा त्यांना चिडवायची, "काका, तुमचा देव बरा, सुट्टी देतो. आमचा मेला रविवारीसुद्धा पूजा मागतो."

निवृत्तीच्या आठवड्यात काका कपाट रिकामं करत होते. तळाशी एक न फोडलेला लखोटा निघाला. त्यांनी तो फोडला, वाचला आणि मटकन स्टुलावर बसले. वसुधा पाणी घेऊन धावली.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. एक अख्खा माल नरम निघून परत आला होता. काका तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी तपासलेला नमुना कडक होता. नमुन्यानंतरचा माल भट्टीत तापत असताना भट्टीवरचा बाळा परब झोपला असणार." बाळा आईची शपथ घेऊन नाही म्हणत होता, पण काकांच्या शब्दापुढे त्याचं कोण ऐकतो! त्याला काढलं. मग कुठल्याच भट्टीवर त्याला उभं केलं नाही. चारकोपला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायचा, आणि दोन वर्षांपूर्वी गेला बिचारा.

काका ज्या दाबकाट्यावर स्प्रिंगांचा कडकपणा मोजायचे, त्याच काट्याचा तपासणी अहवाल लखोट्यात होता. काटा जास्त दाखवतो, वापरू नका. तारीख त्या मालाच्या आठ दिवस आधीची.

"म्हणजे नमुनाही नरमच होता गं वसू," काका म्हणाले. "तो तर माझ्या डोळ्यांदेखत भट्टीत तापला होता. तारच कच्ची आली होती. बाळा झोपलाच नव्हता."

वसुधाने आधी मागे-पुढे पाहिलं. "फाडा ते, काका. शुक्रवारी तुमचा हार-नारळ. बाळा नाही, कोण विचारणार आहे?"

"कोणी विचारणार नाही म्हणून तर मला जायला हवं."

पुढच्या आठवड्यात त्यांचा दारफाळणीचा सण होता, वर्षभराच्या पापांची माफी मागायचा कडक उपास. देवाचा अपराध देव माफ करतो, काकांनी तिला समजावलं, पण माणसाचा अपराध त्या माणसानेच माफ करायचा, देव मध्ये पडत नाही. आणि माणूस मेला असेल, तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि मोठ्याने कबूल करायचं.

"पण काका, बाळाला तर जाळला ना!"

"ठाऊक आहे. म्हणून त्याच्या घरी जायचं. पुस्तकात दहा आमचे पुरुष लिहिलेत. पण बाळाचं नाव आमच्या सिनेगॉगात नाही गेलं, ह्या गाळ्यात गेलं. दहा इथलेच हवेत."

अगो बाई! वसुधाच्या अंगावर सर्रकन काटा आला. चाळीस वर्षांची अब्रू हा म्हातारा स्वतःच्या हाताने उतरवून ठेवणार, तीही अशा माणसासाठी ज्याला ते कधी कळणारसुद्धा नाही. तिने आयुष्यात पुष्कळ देवभोळे पाहिले होते, असा एकही पाहिला नव्हता.

मालक हर्षद आधी येतो म्हणाला, मग त्याचा फोन आला, "वकील नको म्हणतोय. तुम्हीपण गप्प बसा, काका." काका म्हणाले, "मी कंपनीचं नाही, माझं बोलतोय." असे रविवारी दुपारी काकांबरोबर बाळाच्या चारकोपच्या खोलीवर पोचले ते नऊच जण. वसुधा धरून.

बाळाची बायको नलिनी दारातच उभी राहिली. ओबेदकाकांना पाहून तिचं तोंड कडू झालं. काकांनी चप्पल काढली, उंबऱ्याबाहेरूनच तो अहवाल शब्दन् शब्द वाचला आणि का आलो ते सांगितलं. वसुधाची नजर नलिनीच्या हातावर होती. आता दार तोंडावर आपटणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. आपटलं असतं तरी चूक काय होती?

नलिनीने कागद हातात घेतला, उलटापालटा केला. मग बाजूला झाली. काका आणि ते नऊ जण आत येऊन भिंतीवरच्या बाळाच्या फोटोसमोर दाटीवाटीने उभे राहिले.

काकांनी बरोबरची माणसं मोजली. "वहिनी, एक माणूस कमी आहे," ते ओशाळून म्हणाले. "दहा हवेत. मी परत येतो."

"बाई चालते का तुमच्यात?"

"ह्यातल्या चौघी बायकाच आहेत."

"मग मला धरा." नलिनी पदर खोचून रांगेत येऊन उभी राहिली. "मलाही मागायचीय माफी. दर भांडणात मी ह्यांना सुनवायची, आष्टमकर खोटं बोलत नाही, तुम्ही झोपलातच. आधी चिडायचे. मग गप्प बसायला लागले. शेवटी शेवटी स्वतःच म्हणायचे, झोपलो असेन गं, मला आठवत नाही."

वसुधाला हुंदका आवरेना, ओठांत पदर कोंबून ती उभी राहिली. काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. आवाज फाटला होता, पण शेजारच्या खोल्यांत जाईल इतका मोठा होता.

"मी इस्रायलच्या देवाचा अपराधी आहे, आणि ह्या माणसाचा. बाळा परब, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू झोपला नव्हतास. तू जागा होतास."

नलिनी फोटोकडे बघून म्हणाली, "ऐकलंत ना, अहो? जागे होतात तुम्ही."